मुलाने सांगितल्यावर घरच्यांकडून होणाऱ्या चुका टाळा

लैंगिक अत्याचाराचा घाव किती काळ ओला राहणार, हे बऱ्याच अंशी नंतर घर कसं वागतं यावर ठरतं. आणि नेमकं तिथेच आपण चुकतो.

'लहान आहे, विसरेल' ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. सातवीतली मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करते, क्लासच्या वेळेलाच तिचं पोट दुखतं, न्हाणीघराची कडी ती दोनदोनदा तपासते. आपण म्हणतो, नाटकं. पुढे हीच मुलगी हिंजवडीत नोकरीला लागते, पण दाढ ठणकत असली तरी डेंटिस्टच्या खुर्चीत आडवं व्हायची तिला भीती वाटते. गरोदरपणातली तपासणीही असह्य होते. नैराश्य, व्यसन, स्वतःला इजा करणं यांचा धोका वाढतो. प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. घरातलं एक माणूस जरी ठाम पाठीशी राहिलं तरी बराच फरक पडतो. मुलग्यांनाही हे सगळं लागू आहे, 'त्याला काय होतंय' म्हणू नका.

दुसरी चूक, घरातल्या घरात मिटवणं. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत अत्याचार करणारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले निघाले होते. गौरी-गणपतीला सगळे जमतात आणि त्याच माणसापुढे 'काकांना नमस्कार कर' म्हणून पोराला ढकललं जातं. मानपान गेला खड्ड्यात! शिवाय मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा होऊ शकते.

मग आई, आजी, मामा असं प्रत्येकाने खोदून विचारणं. एकदाच, मध्ये न तोडता ऐका आणि मुलाच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुरावा जाऊ नये म्हणून लगेच आंघोळ घालू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. पुण्यातल्या ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात तपासणी आणि उपचार मोफत होतात, त्यासाठी आधी एफआयआर लागत नाही.

चौकीची धास्ती असते, ते समजतं. पण मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलिसांनी तेव्हा गणवेशात यायचं नसतं. सुरुवात कुठून करावी सुचत नसेल तर 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर फिरवा.

पस्तिशीतली बहीण लहानपणच्या अत्याचाराबद्दल आज बोलली, तर 'आत्ता का काढतेस?' विचारू नका. तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना तक्रारीची मुदत नाही. तक्रार करायची की फक्त समुपदेशकाकडे जायचं, ते तिला ठरवू द्या.