शो कारसाठी फायबरग्लासचा डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग: खरी परीक्षा कापड ताणताना

फायबरग्लासचा डॅशबोर्ड म्हणजे सांगाड्यावर कापड ताणायचं, ते रेझिनने (सुकून कडक होणारा द्रव) भिजवायचं आणि मागून काचेच्या धाग्यांचे थर द्यायचे. त्याबद्दल मिळणारे बहुतेक सल्ले रेझिनभोवतीच फिरतात. कोणतं रेझिन, किती हार्डनर, किती थर. एवढं शिकायला एक दुपार पुरते. डॅशबोर्ड बिघडतो तो त्याच्या आधी, सांगाड्यावर कापड ताणताना. आणि नेमकं तिथं 'कापड घट्ट ताणा' एवढं सांगून सगळे पुढे सरकतात. म्हणून बाकीचं इथे थोडक्यात आणि ताणण्याचं काम सविस्तर.

त्याआधी एक अट. एअरबॅग असलेल्या डॅशवर किंवा स्टिअरिंगवर फायबरचं आवरण चढवू नका. एअरबॅग उघडताना कव्हर ठरलेल्या रेषेवर फाटावं लागतं. फायबर तसं फाटत नाही, त्याचे तुकडे उडतात. हे काम फक्त प्रदर्शनात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी आहे. एअरबॅग काढायची असेल तर ती जाणकाराकडूनच काढून घ्या.

साहित्यात पॉलिएस्टर रेझिन, एमईकेपी हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन), चौरस मीटरला 450 ग्रॅमची चॉप्ड मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची चटई) आणि साधं फ्लीस कापड. हार्डनर रेझिनच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के, आणि तो वजनकाट्यावरच मोजायचा. अंदाजाने ओतू नका. काही रेझिनसोबत कोबाल्ट (सुकणं वेगाने घडवणारं रसायन) वेगळ्या बाटलीत येतो. तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा आणि त्यानंतरच हार्डनर घाला. हे दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. वाफ रोखणारा मास्क, चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय डबा उघडू नका.

'एपॉक्सीच वापरा, ते मजबूत असतं' हा सल्ला या कामाला लागू नाही. चॉप्ड मॅटचे धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो आणि मॅट मऊ होऊन वळणावर बसते. एपॉक्सीत स्टायरीन नसतं, त्यामुळे मॅट ताठ राहते. याच स्टायरीनमुळे थर्मोकोल विरघळतो, म्हणून आकार भरायला पॉलियुरेथेन फोमच घ्या.

सांगाडा सोपा आहे. मूळ डॅश काढा, त्यामागचा लोखंडी आडवा बीम तसाच ठेवा आणि मीटर, स्क्रीन, एसीच्या जाळ्या यांच्यासाठी एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाचा दाबलेला फळा) रिंगा कापा. रिंगा पक्क्या चिकटवण्याआधी सीटवर नेहमीसारखे बसा आणि स्टिअरिंगच्या चाकातून मीटर पूर्ण दिसतो का ते पाहा.

आता ताणण्याचं काम. मला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलं आहे.

ताणलेलं कापड दोन आधारांच्या मधून सरळच जातं. मनात गोल फुगीर आकार असला तरी मध्ये आधार नसेल तर तिथे फुगा येणार नाही. उलट घोड्याच्या खोगिरासारखी बैठक तयार होईल. खोलगट आकार तर नुसत्या ताणाने कधीच मिळत नाही. जिथे फुगीर हवं तिथे खाली फोम कोरून बसवा. जिथे खोल हवं तिथे त्या रेषेवर लाकडी पट्टी लावा आणि कापड तिच्यावर दाबून चिकटवा. 'नंतर पुटीने भरू' हा विचार डोक्यातून काढून टाका. 3 मिलिमीटरपेक्षा जाड पुटी उन्हात तापणाऱ्या डॅशवर तडकते.

फ्लीस एका दिशेने जास्त ताणलं जातं. हाताने ओढून ती दिशा ओळखा आणि सगळ्यात अवघड वळण तिच्या बाजूला येईल असं कापड ठेवा. सुरुवात मधून करायची: समोर एक स्टेपल, तिच्या बरोबर विरुद्ध बाजूला दुसरी, मग डावीकडे, मग उजवीकडे. एका टोकापासून ओढत गेलात तर सगळ्या सुरकुत्या दुसऱ्या टोकाला गोळा होतात. स्टेपल मागच्या कडेला, दोन-तीन सेंटिमीटरवर एक. एकाच तुकड्यात सगळा डॅश झाकण्याचा हट्ट नको. मीटरच्या भागाचं कापड वेगळं घ्या आणि जोड एखाद्या घडीच्या रेषेत लपवा.

रेझिन लावण्याआधी खोलीतला दिवा बंद करून टॉर्च अगदी आडवी धरा. वरच्या उजेडात न दिसलेली प्रत्येक सुरकुती आणि खळगा सावलीत दिसतो. या वेळी स्टेपल उपटून परत ताणायला काही मिनिटं लागतात. रेझिन सुकल्यावर तीच दुरुस्ती ग्राइंडरने करावी लागते.

ओल्या रेझिनच्या वजनाने सपाट भाग खाली बसतो. वरच्या बाजूला आधाराविना मोठी जागा असेल तर खालून फोमची पट्टी द्या. पहिला हात पातळ लावा, कापडाचा रंग सगळीकडे सारखा गडद होईपर्यंत. फिका डाग म्हणजे तिथे कापड कोरडं राहिलं.

पॉलिएस्टर सुकताना आकसतं, हे फार कमी लोक सांगतात. सांगाडा सुटा टेबलावर ठेवला तर डॅशची दोन्ही टोकं आत ओढली जातात आणि गाडीत बसवताना दाराकडच्या बाजूला फट पडते. त्यासाठी गाडीतल्या बोल्टच्या जागा मोजून लाकडी घोडा बनवा, सांगाडा त्यावर बोल्टने कसा आणि मागून मॅटचे दोन थर पूर्ण कडक होईपर्यंत उतरवू नका. घाई असली तरी एक दिवस थांबाच. मॅट कात्रीने कापण्याऐवजी हाताने फाडा, म्हणजे कडा एकमेकींत मिसळतात. हवा रोलरने बाहेर काढा. बोल्टच्या जागी तिसरा थर द्या, पण आधीचे दोन थंड झाल्यावर. एकावेळी जाड थर दिला की रेझिन तापून तडकतं.

पुढे पातळ पुटी, 80 नंबरच्या पॉलिश पेपरपासून 320 पर्यंत घासणं, प्रायमर, ओलं घासणं. रंगाआधी तुकडा काही दिवस उबदार जागी ठेवा. अर्धवट सुकलेल्या फायबरवर रंग मारला तर नंतर मॅटचे धागे वर उमटतात. वरचा भाग गडद आणि बिनचमकीचा ठेवा. चकचकीत डॅश पुढच्या काचेत दिसतो.

स्टिअरिंग नुसत्या फायबरचं कधीही बनवू नका. आतला धातूचा सांगाडा आणि हब (मधला भाग) मूळचाच राहू द्या, त्यात कापाकापी किंवा वेल्डिंग नको. वरचं मऊ आवरण पूर्ण उतरवून धातू खरवडा, कारण मऊ थरावर चढवलेलं फायबर हाताच्या दाबाने तडकतं. मग कडक फोमने जाडी वाढवा. पकडीसाठी 30 ते 35 मिलिमीटर जाडी बहुतेक हातांना सोयीची पडते. अंगठ्यांच्या खाचा हाताने धरून बघत कोरा. इथे मॅट नको, काचेच्या धाग्यांची अरुंद पट्टी फेरे घालत गुंडाळा. चामडं चढवायचं असेल तर शिवणीसाठी खाच आत्ताच ठेवा. चाक बसवल्यावर डावीकडून उजवीकडे टोकापर्यंत फिरवून पाहा. नव्या डॅशला किंवा इंडिकेटरच्या दांडीला ते कुठे घासत असेल, तर रंग द्यायच्या आधीच तेवढा भाग उतरवा.