जुन्या घाटवाटेवर फोर-बाय-फोरचा ताफा नेताना

ताफ्यात अशा चारही चाकांना जोर मिळणाऱ्या पाच-सहाच गाड्या ठेवा. दहा झाल्या की निम्मा दिवस एकमेकांची वाट बघण्यात जातो. वाट माहीत असलेला पुढे, दोर आणि हत्यारं असलेला सर्वांत मागे, नवखे मध्ये. परवानगी आधीच काढा. लो रेंजमध्ये (वेग कमी, ताकद जास्त देणारी गिअरची जोडणी) इंधन भराभर संपतं, म्हणून नेहमीच्या हिशेबाच्या दीडपट तरी धरा.

पायथ्याशी टायरची हवा ३२-३५ वरून १८-२० पीएसआयवर आणा. १५ च्या खाली गेलात तर वळणावर टायर रिममधून निसटू शकतो. परतताना डांबरी रस्त्यावर वेग घेण्याआधी हवा भरायची, म्हणजे कॉम्प्रेसर हवाच.

अडकलेली गाडी ओढताना दोर टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीच अडकवू नका. हा बॉल अशा झटक्यासाठी बनवलेला नसतो. तुटला तर गोळीसारखा सुटतो. रेटेड (किती भार पेलतो ते ठरवून दिलेला) हुक किंवा शॅकल (पिनने बंद होणारी जाड कडी) हेच वापरा, आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. (फोटो काढणारे नेमके दोराजवळच घुटमळतात.)

चढावर एका वेळी एकच गाडी. उतारावर लो रेंज, पहिला गिअर. क्लच दाबायचा नाही.

वाटेला आधार देणाऱ्या जुन्या बांधातला दगड चाकाखाली घालायला काढू नका. एक निघाला की पावसात मागची माती वाहते आणि वाटच खचते.