फळ्यावरचा दिनविशेष: या चुका टाळा

शाळेच्या परिपाठातला दिनविशेष असो की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा, तो बहुधा सकाळच्या घाईत, कुठून तरी उचलून लिहिलेला असतो. गंमत म्हणजे तारीख सहसा बरोबर असते. घोळ होतो तो त्या तारखेला नेमकं काय झालं, हे सांगताना.

२८ फेब्रुवारी घ्या. राष्ट्रीय विज्ञान दिन, म्हणून फळ्यावर ‘सी. व्ही. रामन जयंती’ असं ठोकून दिलं जातं. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८चा. २८ फेब्रुवारी १९२८ हा रामन परिणामाच्या शोधाचा दिवस. पत्रकार दिनाचं तेच. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला म्हणून तो दिवस पाळतात, त्यावर बाळशास्त्री जांभेकरांची जयंती चिकटवण्याआधी थांबा.

१ ऑगस्टला तर हमखास फजिती. लोकमान्य टिळकांचं निधन आणि अण्णाभाऊ साठे यांचा जन्म, दोन्ही १ ऑगस्ट १९२०चे. दोन फोटो शेजारी ठेवून वर ‘जयंतीनिमित्त अभिवादन’ लिहिलं की एकावर अन्याय झालाच. प्रत्येक नावापुढे ‘जयंती’ किंवा ‘पुण्यतिथी’ वेगळं लिहा. टिळकांची जयंती २३ जुलैला. आणि हयात माणसाचा वाढदिवस असतो, जयंती नव्हे. हे सांगावं लागू नये, पण लागतं.

मराठीच्या दिवसांची सरमिसळ दरवर्षी ठरलेली. २१ फेब्रुवारी हा युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, हा मराठी भाषा गौरव दिन. मराठी राजभाषा दिन १ मे रोजी, महाराष्ट्र दिनासोबत. २७ तारखेला ‘राजभाषा दिनाच्या शुभेच्छा’ पाठवणाऱ्यांत मोठमोठी मंडळी असतात, म्हणून ते बरोबर ठरत नाही. मराठीला अभिजात दर्जा मिळाला तो ३ ऑक्टोबर २०२४ला; तो चौथा दिवस.

तिथी आणि तारीख

सगळ्यात जास्त गोंधळ इथे. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१; इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. आता शके १५५१ मध्ये सरसकट ७८ मिळवणारा १६२९ काढतो आणि छापील पुस्तकच चुकलं म्हणून मोकळा होतो. चूक हिशेबाची आहे. शक पाडव्याला बदलतो, इंग्रजी साल १ जानेवारीला. म्हणून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६: तिथे ७८ मिळवून १६७४ बरोबर येतं.

एखाद्या उत्तर भारतीय पंचांगाच्या ॲपमध्ये शिवजन्माची तिथी ‘चैत्र कृष्ण तृतीया’ दिसली तर दचकू नका. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षाला तिकडे पुढच्या महिन्याचं नाव लागतं. शुद्ध पक्षात ही अडचण येत नाही. तिथी उचलताना पंचांग कुठलं आहे ते आधी बघा, नाहीतर मुलं घरच्या कालनिर्णयाशी ताडून विचारतील.

कधी कोणी १ मार्च १६३० ही तारीखही काढतो. तोही खोटा नाही. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन कॅलेंडरची तारीख. आजच्या ग्रेगोरियन हिशेबाने ती दहा दिवस पुढे जाते. इंग्रजांनी नवं कॅलेंडर १७५२ मध्ये स्वीकारलं, तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता, म्हणून २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. फळ्यावर मात्र रूढ १९ फेब्रुवारीच लिहा. एकाच यादीत दोन पद्धती मिसळल्या की निस्तरता येत नाही.

फॉरवर्ड आणि ‘पहिला’

१४ फेब्रुवारीला भगतसिंगांना फाशी दिली, असा मजकूर दरवर्षी फिरतो. शिक्षा सुनावली ७ ऑक्टोबर १९३० रोजी, फाशी २३ मार्च १९३१ला लाहोरमध्ये. भावना कितीही खरी असली तरी असला मेसेज पुढे ढकलू नका.

‘पहिला’, ‘सर्वात मोठा’ हे शब्द दिसले की त्यांच्या आधीचं विशेषण शोधा. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे धावली ती देशातली पहिली प्रवासी रेल्वे. ‘प्रवासी’ गाळलं की विधान पडलं, कारण मद्रासजवळ रेड हिल्सला १८३७ मध्येच दगड वाहणारी रेल्वे होती.

‘आजचा शब्द’ कोशातून डोळे मिटून काढलेला नको. ‘किंकर्तव्यमूढ’ लिहून मुलं दुपारपर्यंत विसरतात. शब्द त्या दिवसातूनच घ्या: १६ एप्रिलला फलाट, रूळ, सांधा. सोबत एक वाक्य हवंच. ‘गाडी सांधे बदलते तेव्हा डबा हिंदकळतो’ एवढं पुरतं.

वर्षभराची फाइल एकदाच करून ठेवणार असाल तर २९ फेब्रुवारीचं पानही घाला. मोरारजी देसाई १८९६ साली त्याच दिवशी जन्मले, आणि लीप वर्ष नसलेल्या साली तयार केलेल्या यादीत ते सापडत नाहीत.