दीडशेवरून चारशेवर जाताना या चुका टाळा

नऊ वर्षं मी दीडशे सीसीची पल्सर चालवली. पुण्यात कोथरूड ते हिंजवडी रोजची ये-जा, शनिवार-रविवार मुळशी, वर्षातून एकदा कोकण. मग चारशे सीसीची गाडी घेतली आणि तिसऱ्याच दिवशी सोसायटीच्या बेसमेंटमधून वर येणाऱ्या रॅम्पवर ती आडवी झाली. वेग शून्य होता. वॉचमनकाका गेट उघडत होते, म्हणून मी रॅम्पच्या मध्यावर थांबले. सवयीने पुढचा ब्रेक दाबून धरला आणि उजवा पाय खाली टेकवला. रॅम्प तिथे उजवीकडे वळतो, त्यामुळे त्या बाजूची जमीन दोन बोटं खोल. पाय टेकला, पण तेवढ्यात गाडी कलली होती. जुनी गाडी एवढी कलली असती तर मी मांडीने रेटून उभी केली असती. ही गेलीच. लिव्हर वाकली, आरसा फुटला, गुडघा आठवडाभर सुजला.

मोठ्या गाडीची भीती म्हणजे वेगाची भीती, असं आपण धरून चालतो. पण नवीन गाडी हातात आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत जे बिघडतं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा जुन्या गाडीची सवय असते. गाडी बदलते, हात-पाय दीडशेचेच राहतात. त्यात आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलच्या लायसनला इंजिनाच्या ताकदीप्रमाणे टप्पे नाहीत. युरोपात आधी ११ किलोवॅटची गाडी, मग ३५ किलोवॅटची, त्यानंतर मोठी, अशा पायऱ्या आहेत. इथे शंभर सीसीवर आठचा आकडा काढून दाखवलेला माणूस दुसऱ्या दिवशी साडेसहाशेची गाडी घेऊन शोरूमबाहेर पडू शकतो. मधल्या पायऱ्या आपल्या आपणच चढाव्या लागतात.

वजनाकडे दुर्लक्ष

पल्सर १५० चं वजन साधारण १४८ किलो. केटीएम ड्यूक ३९० चं १६८, ट्रायम्फ स्पीड ४०० चं १७६, हिमालयन ४५० चं १९६, आणि इंटरसेप्टर ६५० दोनशेच्या पुढे. कागदावर वीस-तीस किलो म्हणजे काहीच वाटत नाही. गाडी सरळ उभी असताना खरंच काही वाटतही नाही, कारण भार चाकांवर असतो. ती थोडी कलली की तो भार तुमच्या पायावर येतो, आणि एका मर्यादेनंतर माणसाच्या ताकदीने सावरत नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे चढावर थांबायला पुन्हा शिकणं. डावा पाय जमिनीवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. चढावर भार मागच्या चाकावर सरकलेला असतो, त्यामुळे गाडी धरून ठेवायचं काम मागचा ब्रेकच नीट करतो. रॅम्पवर धूळ असेल तर नुसत्या पुढच्या ब्रेकवर गाडी मागे घसरूही शकते. निघताना मागचा ब्रेक तसाच दाबून ठेवा, हाफ क्लचवर गाडी ओढायला लागल्याचं जाणवलं की मगच ब्रेक सोडा. हे मी पंचवीस-तीस वेळा केलं, त्याच रॅम्पवर, दुपारी गाड्यांची वर्दळ नसताना. आता पाय आपोआप तसेच जातात.

गाडी पडलीच तर आधी किल्ली बंद करा. उजव्या बाजूला पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड काढून ठेवा, म्हणजे उचलल्यावर ती पलीकडे जाणार नाही. हँडल वळवून घ्या, गाडीकडे पाठ करा, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागचं ग्रॅब रेल (मागे बसणारा धरतो तो दांडा) धरा आणि पायांच्या जोरावर मागे सरकत उठवा. कमरेतून वाकून उचलायला गेलात तर पाठ धरते.

पार्किंगची चूकही याच जातीची. पावसाळ्यात कुठे मातीवर गाडी लावलीत तर स्टँडखाली चपटा दगड ठेवा. उतारावर तोंड चढाकडे करा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून मगच उतरा. न्यूट्रलमध्ये लावलेली गाडी स्टँडवरून सरकून पडलेली मी दोनदा पाहिली आहे.

दहा मिनिटांच्या टेस्ट राइडवर निर्णय

शोरूमची टेस्ट राइड सरळ रस्त्यावर होते आणि सरळ रस्त्यावर प्रत्येक गाडी आवडते. तुम्ही तिथे जरा हट्टाने वेगळ्या गोष्टी करून बघा. अरुंद गल्लीत यू-टर्न घ्या. इंजिन बंद करून गाडी हाताने मागे ढकला. पेठेत राहत असाल तर हे रोजचंच काम आहे. वाड्याच्या बोळात सात गाड्यांच्या मागून आपली काढायची असते. घरात ज्यांना मागे बसवणार आहात त्यांना सोबत न्या, मागची सीट किती उंच आणि किती अरुंद आहे ते त्यांनाच कळेल. माझी उंची पाच फूट दोन इंच. सीटच्या उंचीचा आकडा बघून मी दोन गाड्या आधीच बाद केल्या होत्या, आणि त्यातल्या एकीवर प्रत्यक्ष बसल्यावर पाय छान टेकले, कारण सीट पुढे निमुळती होती. आकड्यावर जाऊ नका, बूट घालून बसा.

पैशांचं थोडक्यात सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांना ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचा टप्पाही ३५० लाच बदलतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांत ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १,३६६ आणि त्यावर २,८०४. नवीन गाडीला हा विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड हे सगळंच महाग होतं. बजेटमधून हेल्मेट, जॅकेट आणि ग्लोव्हजचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यात गाडी बसवा. गाडीवर सगळे पैसे घालून जुन्याच हेल्मेटवर निघालेले खूपजण मी पाहते आणि दर वेळी पोटात कालवतं.

ब्रेकची सवय न बदलणं

सगळ्यात जास्त वेळ यावर घालवा, असं मी प्रत्येकाला सांगते.

दीडशेच्या गाडीला साधारण १४ पीएस (अश्वशक्ती) ताकद असते, चारशेच्या वर्गात ४० ते ४६. ताकद जवळजवळ तिप्पट आणि वजन फक्त थोडंसं जास्त. जुन्या गाडीवर ओव्हरटेक करायचं म्हणजे एक गिअर खाली, रेस पूर्ण, आणि तरी मनात हिशेब. तोच मनगटाचा पीळ नवीन गाडीवर दिलात की समोरच्या पीएमपीएमएल बसचा मागचा भाग एकदम अंगावर येतो. शिवाय ही गाडी इतकी शांत पळते की ६० चा वेग ४० सारखा वाटतो. पहिला महिनाभर कर्वे रस्त्यावरसुद्धा काट्याकडे मुद्दाम बघायची सवय लावा. कानावर विश्वास ठेवू नका, कान जुन्या इंजिनाच्या आवाजावर तयार झालेले असतात.

आता हिशेब बघा. कोरडा रस्ता, चांगले टायर, व्यवस्थित दाबलेले ब्रेक असं सगळं धरलं तर ताशी ४० वरून गाडी थांबायला साधारण ९ मीटर लागतात आणि ८० वरून ३६. वेग दुप्पट की अंतर चौपट. त्यात मेंदूला कळून बोटं हलेपर्यंत एक सेकंद जातो. ४० च्या वेगात तेवढ्यात ११ मीटर गेलेले असतात, ८० ला २२. म्हणजे एकूण २० मीटर विरुद्ध ५८. जुनी गाडी ८० ला थरथरून तुम्हाला आठवण करून द्यायची. नवीन गाडी काही सांगत नाही.

मी काय केलं ते सांगते. रविवारी सकाळी साडेसहाला घरामागच्या मोकळ्या प्लॉटच्या डांबरी पट्ट्यावर जायचे. आधी पायाने माती आणि खडी बाजूला करायची. एका झाडाजवळ वीट ठेवली होती, तिथे ब्रेक सुरू करायचा आणि गाडी थांबली की खडूने रेघ मारायची. ताशी ३० पासून सुरुवात, मग ४०, मग ५०. पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. आधी हलकासा दाब, पुढचे शॉकअप बसले की दाब वाढवत न्यायचा. वजन पुढच्या चाकावर आलं की त्याची पकड वाढते. ते येण्याआधीच आवळलं तर चाक घसरतं. पहिल्या दिवशी माझ्या रेघा इकडेतिकडे पसरल्या होत्या. चौथ्या रविवारी त्या सगळ्या एका हाताच्या अंतरात आल्या.

याच वेळी एकदा एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) मुद्दाम कामाला लावून बघा. लिव्हर बोटांखाली थरथरते, पेडल पायाला उलटं ढकलतं. पहिल्यांदा अनुभवणारा माणूस घाबरून ब्रेक सोडतो आणि नेमकं तेच करायचं नसतं. दाब कायम ठेवा. १२५ सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना एबीएस २०१९ पासून सक्तीचं आहे, पण बऱ्याच जुन्या दीडशेला ते नव्हतं किंवा फक्त पुढच्या चाकाला होतं. त्यामुळे ही थरथर खूपजणांना नवीच असते.

नवीन टायरचाही विचार करा. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर ते गुळगुळीत असतात, पॅडही बसलेले नसतात. तोवर जोरात वळणं घ्यायची नाहीत.

पहिल्याच रविवारी ताम्हिणी

गाडी शनिवारी घरी आली आणि रविवारी पहाटे ग्रुपबरोबर ताम्हिणी घाटात, हा आपल्या गावचा रिवाजच झाला आहे. कृपया करू नका. ग्रुपमध्ये आपण पुढच्याचा वेग धरतो आणि पुढच्याला ती गाडी चालवून तीन वर्षं झालेली असतात. घाटात वळणावर घाबरलेला माणूस समोरच्या कठड्याकडे बघतो आणि गाडी तिकडेच जाते. नजर वळणाच्या शेवटाकडे न्यावी लागते, आणि ते जमायला ओळखीचा रस्ता आणि एकटेपणा लागतो. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत दोन-चार सकाळी एकट्याने जाऊन या. पावसात ताम्हिणीत रस्त्यावर पाणी, माती आणि कडेला शेवाळ असतं. तिथे पहिला पावसाळा तरी ओळखीच्या माणसामागे, अंतर ठेवूनच जा.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरतानाही सवय बदला. तो उतार लांब आहे आणि मागून अवजड ट्रक येत असतात. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवायची जुनी सवय इथे जिवावर बेतते. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरा, ब्रेक थंड राहतात.

मुंबईकडे निघालात तर मॅपमध्ये दुचाकीचा पर्याय निवडलाय ना ते बघा. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे आणि कारचा मार्ग लावला तर मॅप तुम्हाला किवळ्याजवळ सरळ त्याच तोंडाशी नेतो.

मेकॅनिककडे जाण्याआधी

पहिल्या महिन्यात मला शंका आलेल्या निम्म्या गोष्टी बिघाड नव्हत्याच. एफसी रोडच्या गर्दीत रेडिएटरचा पंखा घोंघावतो आणि पायांना गरम हवा लागते, ते बरोबर आहे. काळजी करायची ती पंखा लागतच नसेल आणि तापमानाचा काटा चढत असेल तेव्हा. गाडी थंड झाल्यावर कूलंटच्या बाटलीवरच्या दोन रेघांमध्ये पातळी आहे का बघा. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

हळू चालवताना गाडी धक्के देते, चेन खडखडते, ही तक्रार जवळपास प्रत्येकाची असते. दीडशे ताशी २५ ला चौथ्यात निमूटपणे चालायची. मोठं सिंगल सिलिंडर इंजिन तसं चालत नाही. गर्दीत दुसऱ्यात राहा. तरी खडखड राहिली तर चेनचा सैलपणा मॅन्युअलमधल्या मापाशी ताडून बघा. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. दर पाचशे किलोमीटरला, आणि पावसाळ्यात त्याआधीच, ती पुसून ल्यूब मारा.

थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही? चाक फिरत असतानाच, थांबायच्या जरा आधी न्यूट्रलमध्ये आणा. तरीही अडत असेल तर क्लच वायरचा ढिलेपणा तपासून घ्या. तळहात सुन्न होतात ते हँडल आवळून धरल्यामुळे. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल सोडा. किल्ली लावल्यावर एबीएसचा दिवा लागलेला दिसतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो, तेही ठीक.

दिवा चालत्या गाडीत तसाच राहिला तर एबीएस काम करत नाहीये असं समजा आणि त्याच दिवशी दाखवा. आणि पुढचा ब्रेक दाबल्यावर लिव्हर स्पंजासारखी मऊ लागून हँडलपर्यंत येत असेल तर सर्व्हिस सेंटर दोन किलोमीटरवर असलं तरी गाडी चालवत नेऊ नका. छोटा टेम्पो बोलवा.