वहीत चाळीस कंपन्या: डिप्लोमानंतर नोकरी शोधायला निघण्याआधीची तयारी

दरवर्षी जून-जुलैत निकाल लागला की दोन-चार मुलं-मुली माझ्याकडे येतात. कोणी गावाकडचं, कोणी शेजारच्या काकूंनी पाठवलेलं. मी विचारते, आत्तापर्यंत काय काय केलंस? उत्तर ठरलेलं असतं: "नोकरीच्या साइटवर प्रोफाइल टाकलंय, पन्नासेक ठिकाणी अप्लाय केलंय, आता फोनची वाट बघतोय." या वाट बघण्यात दिवाळी येते, घरचे बोलायला लागतात आणि चांगल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उडतो. ते मला बघवत नाही, म्हणून ही यादी लिहितेय. मी भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी विभागात आहे, तेव्हा उदाहरणं मेकॅनिकलची आणि पुणे पट्ट्यातली येतील. वाळूज, सातपूर-अंबड किंवा गोकुळ शिरगावला राहणाऱ्यांनी नावं तेवढी बदलून घ्यावीत.

मीही वाट बघत बसलेच होते. २००७ साली सोलापूर जिल्ह्यातून डिप्लोमा करून भोसरीजवळ दिघीला मामाकडे आले. तीन महिने सायबर कॅफेत जाऊन ई-मेल पाठवत होते, साठेक तरी पाठवले असतील. एकाचंही उत्तर आलं नाही. मामाच्या शेजारी एक सेटर, म्हणजे कामासाठी मशीन जुळवून देणारे, राहायचे. एका संध्याकाळी नळावर पाणी भरताना ते सहज म्हणाले, "अगं, आमच्याकडे इन्स्पेक्टरची जागा आठ दिवस रिकामी होती. कालच एकाचा भाचा लागला." ती कंपनी आमच्या घरापासून वीस मिनिटांवर होती आणि त्या जागेची जाहिरात कुठेही आली नव्हती. वीस-पंचवीस मशीनच्या युनिटमध्ये आजही असंच चालतं. माणूस सोडून गेला की सुपरवायझर आधी लाइनवरच विचारतो, "कोणी ओळखीचं आहे का रे?" त्यातून कोणी मिळालं नाही तर मग गेटवर बोर्ड, ठेकेदार, आणि सगळ्यात शेवटी साइट. तो पहिला प्रश्न विचारला जाईल तेव्हा कोणाच्या तरी तोंडी आपलं नाव यावं, यासाठी ही सगळी तयारी आहे.

सुरुवात काम ठरवण्यापासून. "कोणतंही चालेल" हे उत्तर मनातून काढून टाकायचं. ऐकणाऱ्याला वाटतं याला काही येत नाही, आणि कोणती जागा निघाली की याची आठवण काढायची हे त्याला कळत नाही. दोन कामं निवडायची, जास्त नाही. क्वालिटी इन्स्पेक्शन आणि सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) सेटिंग, किंवा मेंटेनन्स आणि टूल रूम. मग भाग ठरवायचा. रोज दोन तास बसमध्ये जाणार असतील तर पहिल्या पगाराआधीच माणूस कंटाळतो, त्यामुळे राहतो तिथून तासाभराच्या आतलं आधी बघायचं.

मग एक दोनशे पानी वही आणायची. मोबाइलमध्ये लिहिलेलं पुन्हा उघडून बघितलं जात नाही, असा माझा अनुभव आहे. वहीत चाळीस कंपन्या लिहायच्या. चाकणला बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन आणि पिंपरीला टाटा मोटर्स ही नावं सगळ्यांनाच ठाऊक असतात, म्हणून सगळे तिथेच रांग लावतात. पण या गाड्यांचे ब्रॅकेट, शाफ्ट, बुश, गिअर बनवणारी शेकडो छोटी युनिटं आहेत आणि नवख्याला हात काळे करायला तिथेच मिळतात. ती शोधायची तर एमआयडीसीत पायी फिरावं लागतं. सेक्टर ७, सेक्टर १०, जे ब्लॉक, टी ब्लॉक, एकेका दिवशी एकेक भाग घ्यायचा. गेटवर "पाहिजेत"चा बोर्ड आहे का, क्रेन लावून नवीन मशीन उतरवतायत का, शेजारचा गाळा घेऊन भिंत पाडलीय का, हे बघायचं. सकाळी दहा आणि दुपारी चारच्या सुमाराला चहाच्या टपरीवर उभं राहिलं तर कुठे ओव्हरटाइम चालू आहे आणि कुठे काम मंद आहे ते आपोआप कानावर येतं. प्रत्येक कंपनीला वहीचं अर्धं पान द्यायचं: काय बनवतात, कोणासाठी बनवतात, हे कळलं कुठून, गेलो कधी, भेटलं कोण, पुन्हा फोन कधी करायचा. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. "पुढच्या महिन्यात बघू" असं कोणी म्हणालं तर पुढच्या महिन्याची तारीख तिथेच त्यांच्यासमोर लिहायची.

बायोडाटा एक पानाचा. "हार्डवर्किंग, सिन्सिअर" हे शब्द मी गेली कित्येक वर्षं वाचत आले आहे आणि त्यावरून मला एकदाही काही कळलेलं नाही. त्याऐवजी हाताने काय केलंय ते लिहावं. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ड्रिलिंग जिग (भोक नेमक्या जागी पडावं म्हणून लावायचा साचा) बनवला असेल तर कोणत्या जॉबसाठी, म्हणजे कोणत्या भागासाठी, बुश कसले घातले, भोकाच्या जागेत किती फरक यायचा. इंडस्ट्रियल ट्रेनिंगमध्ये नुसतं उभं राहून बघितलं असेल तर "बघितलं" असंच लिहा, कारण पहिल्याच प्रश्नात ते कळतं. वरच्या ओळीत राहण्याचं ठिकाण लिहा. "दिघी, भोसरीपासून वीस मिनिटं" एवढं वाचून मी बायोडाटा बाजूला काढून ठेवलेला आहे, कारण फर्स्ट शिफ्टला सातला पोचणारं माणूस आम्हाला हवं असतं.

आता ज्यात सगळ्यात जास्त मुलं गळतात ती गोष्ट: हातातलं काम. मुलाखतीत मी एक टर्न केलेली (लेथवर कातलेली) पिन, तिचं ड्रॉइंग आणि व्हर्निअर (जबड्यांत धरून माप घ्यायची सरकपट्टी) टेबलावर ठेवते आणि म्हणते, बघ ठीक आहे का. काही जण सरळ पिन पकडून वाचायला लागतात. ज्याने मन लावून शिकलंय तो आधी जबडे पुसतो, बंद करून शून्य जुळतंय का बघतो, मग मोजतो. ड्रॉइंगवर माप असतं २५ मिमी, आणि त्यापुढे उणे ०.०२, उणे ०.०४. म्हणजे पिन २४.९६ ते २४.९८ मध्ये बसली पाहिजे. व्हर्निअरचं लघुत्तम माप, म्हणजे त्यावर दिसणारा सगळ्यात लहान फरक, ०.०२ आणि इथे सगळी मिळून सूटच ०.०२ ची, म्हणजे पिन आत बसली की नाही ते त्यावर खात्रीने कळत नाही. मागच्या वर्षी लातूरकडची एक मुलगी आली होती. तिने व्हर्निअर हातात घेतला, ड्रॉइंग बघितलं आणि व्हर्निअर परत खाली ठेवला. म्हणाली, "मॅडम, याने मोजून मी ओके म्हणू शकत नाही, मायक्रोमीटर मिळेल का?" मायक्रोमीटर म्हणजे त्याहून बारीक मोजणारं साधन. तिला मी पुढचं काही विचारलं नाही, आज ती माझ्याच लाइनवर आहे. तिला हे कसं आलं? शेवटच्या वर्षी कॉलेजच्या लॅबमधल्या सरांना विचारून ती रोज अर्धा तास नुसती मापं घ्यायची. कॉलेज सुटलं असलं तरी सर ओळखीचे असतात, विचारून बघा. सोबत ड्रॉइंगवरची फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगलची चिन्हं (कोणत्या बाजूचं दृश्य कुठे काढलंय ते सांगणारी) ओळखणं, गो आणि नो-गो गेज (माप हद्दीत आहे का एवढंच सांगणारे) कधी वापरतात, एखादा जॉब रिजेक्ट निघाला तर आधी काय करायचं (बाजूला काढायचा, लाल टॅग लावायचा, लाइनला सांगायचं, आणि मागचे पीस तपासायचे), हे तोंडाने सांगण्याची सवय करावी. आरशासमोर नको, घरातल्या माणसाला समजावून सांगा. आईला समजलं तर मलाही समजेल.

माणसांची यादी वहीच्या मागच्या पानापासून सुरू करायची. कॉलेजचे दोन-तीन वर्षं पुढचे सीनिअर, ट्रेनिंगमध्ये भेटलेले ऑपरेटर, गावचे कोणी पुण्यात असलेले, खोलीच्या आसपास युनिफॉर्म घालून जाणारे. त्यांना "कुठे जागा असेल तर सांगा" असं म्हणायचं नाही. ते "हो सांगतो" म्हणतात आणि विसरतात, त्यांचा काही दोष नसतो. साधारण असं लिहावं: "दादा, नमस्कार. मी तुमच्या मागून दोन वर्षांनी त्याच कॉलेजातून मेकॅनिकल झालो. दिघीत राहतो. क्वालिटीचं काम शोधतोय, व्हर्निअर-मायक्रोमीटर चांगलं येतं, ड्रॉइंग वाचता येतं. तुमच्याकडे जागा नसली तरी मुलाखतीत काय काय विचारतात ते दहा मिनिटं फोनवर सांगाल का? तुमच्या सुट्टीच्या दिवशी करतो." नोकरी देणं त्या दादाच्या हातात नसतं, दहा मिनिटं देणं असतं. आणि ज्याच्याशी दहा मिनिटं कामाबद्दल बोललो त्याची आठवण राहते. बोलणं झाल्यावर त्याने सांगितलेली एखादी गोष्ट करून पुन्हा कळवायचं: "दादा, तुम्ही म्हणालात तसं बोअर गेज शिकून आलो."

गेटवर जायची वेळही ठरलेली असते. भोसरी-पिंपरी पट्ट्यात बऱ्याच युनिटना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा गुरुवारी हेलपाटा घालू नका. महिन्याचे शेवटचे तीन दिवस डिस्पॅचची घाई असते, तेव्हा कोणी मान वर करून बघत नाही. शिफ्ट बदलायच्या वेळी गेटवर गर्दी असते. साडेदहा ते साडेअकरा ठीक, सकाळची मीटिंग झालेली असते. वर्षाचंही एक गणित आहे: दिवाळीचा बोनस हातात पडला आणि एप्रिलमध्ये पगारवाढ कळली की माणसं कंपन्या बदलतात, म्हणून दिवाळीनंतरचे पंधरा दिवस आणि एप्रिल-मे हे पायाला भिंगरी लावण्याचे दिवस. बरेच जण नेमकं तेव्हाच "सणानंतर बघू" म्हणून गावी राहतात.

सिक्युरिटीच्या काकांशी नीट बोला. नाव विचारा, पाणी मागून प्या, फाइल त्यांच्या हातात कोंबून निघून येऊ नका. "क्वालिटीच्या किंवा प्रॉडक्शनच्या साहेबांना दोन मिनिटं भेटता येईल का, नसेल तर कधी येऊ?" एवढंच. पहिल्या खेपेला आत सोडत नाहीत. तिसऱ्या खेपेला ते स्वतः इंटरकॉमवर म्हणतात, "साहेब, तो पोरगा परत आलाय." आमच्याकडे दोन मुलं अशी लागली आहेत.

साइटवरचं प्रोफाइल, राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवरची नोंदणी आणि जिल्ह्याच्या रोजगार मेळाव्यांवर लक्ष, हे एका दुपारी उरकून घ्या आणि आठवड्यातून एकदाच बघा. एनएटीएस या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवरची नोंदणी मात्र मनावर घ्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांना तिथून वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळते. विद्यावेतन पगाराहून कमी असतं, पीएफ कापला जात नाही, आणि वर्षानंतर ठेवून घेतीलच अशी खात्री नाही. तरीही शेवटी प्रमाणपत्र मिळतं आणि वर्षभर हात चालतो. घरची गरज फार मोठी नसेल तर मी हे नक्की सुचवेन.

पैसे कोणालाही द्यायचे नाहीत. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, युनिफॉर्म डिपॉझिट, कुठल्याही नावाने मागितले तरी नाही. मी त्या २००७ सालात एका ऑफिसात पाचशे रुपये भरले होते. मामाने दिलेले. पुढच्या आठवड्यात गेले तर शटरला कुलूप. त्याची रुखरुख अजून आहे. मूळ मार्कशीट आणि दाखलाही कुणाकडे ठेवायचा नाही, दाखवून परत घ्यायचा आणि झेरॉक्स द्यायची.

मुलींनी सेकंड शिफ्टबद्दल आधीच विचारावं: रात्री सुटल्यावर गाडी घरापर्यंत सोडते का चौकापर्यंत, गाडीत आणखी कोण असतं. हे विचारलं म्हणून जागा गेली तर ती जागा आपल्यासाठी नव्हती. मीही हे विचारून घेतलं होतं.

ऑफर आली की कागद-पेन घेऊन बसा. समजा वर्षाचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) २,४०,००० सांगितला, म्हणजे महिन्याला २०,०००. ते हातात येत नाहीत. बेसिक १२,००० असेल तर कंपनीने भरायचा १२ टक्के पीएफ, १,४४०, याच वीस हजारांत धरलेला असतो. कंपनीचा ईएसआयसीचा (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा) ३.२५ टक्के वाटाही त्यातलाच. ते वजा जाता पगार उरतो सुमारे १७,९७५. त्यातून तुमचा पीएफ १,४४०, ईएसआयसीचे ०.७५ टक्के म्हणजे १३५, आणि व्यवसाय कर २०० जातो. महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना हा कर लागत नाही. हातात साधारण १६,२००. सीटीसीत ग्रॅच्युइटी, बोनस किंवा कँटीन धरलं असेल तर आणखी कमी. खोलीभाडं आणि डबा या आकड्यातून वजा करून बघा, मग हो म्हणा. नेमणूक कंपनीच्या नावावर आहे की ठेकेदाराच्या, हेही पत्रावर वाचा आणि कळलं नाही तर तिथेच विचारा.

रुजू झाल्यावर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागून घ्या. कंपनीने दर महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. दुसऱ्या महिन्याच्या वीस तारखेनंतर एकदा पासबुक उघडून पहिली नोंद आली का ते बघा, आणि नसेल आली तर एचआरकडे जाऊन विचारा.