मृगाआधी रक्तकेंद्राच्या चाचणी कक्षाची तयारी

कोकण किनारपट्टीवरील लहान रक्तकेंद्रांनी पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच हाती घ्यावी, कारण मृगाचा पहिला वादळी पाऊस आला की वीज जाते, घाटात दरड कोसळते आणि मागवलेली किट वाटेत अडकतात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि हिवताप या पाचही चाचण्या मात्र प्रत्येक पिशवीसाठी बंधनकारकच राहतात.

प्रथम शीतपेटी पाहावी. बहुतेक एलायझा (रक्तातील संसर्गाच्या खुणा रंगावरून ओळखणारी चाचणी) किट २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असतात आणि ती गोठूनही चालत नाहीत, म्हणून तापमापक दाराच्या कप्प्यात न ठेवता किटच्या शेजारी ठेवावा व दिवसातून दोनदा नोंद करावी. जनरेटर नुसता सुरू होतो एवढे पाहून समाधान मानू नये. मुख्य वीज बंद करून, शीतपेटीचा कॉम्प्रेसर त्यावर खरोखर चालतो का, हे पाहावे. नमुने घातलेली खळग्यांची प्लेट ठरावीक तापमानात ठेवणारा इन्क्युबेटर, ती धुणारा वॉशर आणि तिचा रंग मोजणारा रीडर यूपीएसवर असावेत. प्लेट ३७ अंशांवर असताना वीज गेली आणि तापमान उतरले, तर अंदाजाने वेळ वाढवून निकाल काढू नये, ती प्लेट रद्दच करावी.

दमट हवेचा विचार बाहेरगावचे लोक सहसा करत नाहीत. पाकिटातील स्ट्रिप (प्लेटमधील खळग्यांची पट्टी) खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पाकीट फोडू नये, नाहीतर तिच्यावर दव धरते. उरलेल्या स्ट्रिप ओलावा शोषणाऱ्या पुडीसह लगेच बंद कराव्यात. वॉशरच्या नळ्यांत बफरचे (धुण्याच्या द्रावणाचे) क्षार साचतात, तेव्हा रोज काम संपल्यावर ऊर्ध्वपातित पाणी फिरवावे. पिपेटची (थोडा द्रव अचूक मोजून घेण्याच्या साधनाची) परीक्षा वजनाने करता येते: १०० मायक्रोलिटर पाणी सुमारे १०० मिलिग्रॅम भरले पाहिजे.

सर्वाधिक लक्ष कंट्रोलकडे, म्हणजे चाचणी बरोबर चालते का हे पाहण्यासाठी लावलेल्या, निकाल आधीच ठाऊक असलेल्या नमुन्यांकडे द्यावे. किटसोबत येणारे कंट्रोल त्या किटपुरतेच बरोबर ठरतात आणि बहुधा इतके ठळक रिॲक्टिव्ह (चाचणीत संसर्ग दाखवणारे) असतात की चाचणीची धार हळूहळू बोथट होत असली तरी ते उत्तीर्ण होत राहतात. म्हणून कट-ऑफच्या (ज्या आकड्यापासून नमुना रिॲक्टिव्ह धरतात त्या मर्यादेच्या) जरा वर असलेला, बाहेरून घेतलेला सौम्य रिॲक्टिव्ह कंट्रोल प्रत्येक प्लेटवर लावावा आणि त्याचे कट-ऑफशी असलेले गुणोत्तर आलेखावर मांडावे. सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) ठरवण्यासाठी किमान २० वेळांचे आकडे लागतात. ते मे अखेरपर्यंत जमवून ठेवावेत. एखादा बिंदू तीन प्रमाण विचलनांपलीकडे गेला, किंवा लागोपाठ दोन बिंदू एकाच बाजूला दोन विचलनांपलीकडे गेले, तर निकाल रोखून कारण शोधावे. सलग दहा बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला पडले, तरी थांबून पाहावे; माझ्या मते हीच खूण सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, कारण त्या दिवशी काहीच ‘चुकलेले’ नसते. किटचा नवा लॉट (एका वेळी तयार झालेला गट) वापरण्यापूर्वी जुन्या लॉटवर तपासलेले ठाऊक नमुने त्यावर लावून पाहावेत.

सिफिलिसच्या आरपीआर चाचणीसाठी (कार्डावर गुठळ्या होतात का हे पाहण्याची चाचणी) २३ ते २९ अंश तापमान आणि मिनिटाला १०० फेरे या वेगाने ८ मिनिटे कार्ड फिरवणे आवश्यक असते. मे महिन्याच्या उकाड्यात एसी १८ वर लावून बसण्याची सवय येथे बाधते: थंडीत सौम्य प्रतिक्रिया दिसतच नाही. हिवतापासाठी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी आलेली नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

साठ्याचा हिशेब करताना गणेशोत्सवात चाकरमानी गावी आल्यावर होणारी शिबिरे आधीच धरावीत, आणि किट हाती असल्याखेरीज शिबिराची तारीख देऊ नये. सर्व निकाल येईपर्यंत पिशव्या स्वतंत्र कप्प्यात, ठळक चिठ्ठी लावून ठेवाव्यात. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले होते. हे ध्यानात घेऊन नदीकाठच्या केंद्रांनी नोंदवह्या, कंट्रोलचे आलेख आणि रीडर तळमजल्यावर ठेवू नयेत.