ब्रोफोर्स: आधी जमीन बघा, मग गोळी झाडा

ब्रोफोर्स या व्हिडिओ गेममध्ये नवखा खेळाडू शत्रूच्या गोळीने मरतो त्यापेक्षा जास्त वेळा स्वतःच फोडलेल्या पिंपामुळे मरतो. खेळ दिसतो धांगडधिंग्याचा. स्क्रीनभर आग, किंचाळ्या, झेंडे, पिळदार दंड. त्यामुळे बटण दाबून धरायचं आणि पुढे पळत सुटायचं, असा समज होतो. पहिल्या काही लेव्हल तशा निघूनही जातात. मग एकाच जागी पाच-सहा लाइफ जातात आणि का गेल्या ते कळत नाही.

कारण साधं आहे. तुमचा ब्रो, म्हणजे तुम्ही खेळवत असलेला नायक, एका फटक्यात मरतो आणि आजूबाजूची जवळपास प्रत्येक गोष्ट फुटते: माती, दगड, पूल, छप्पर, तुम्ही उभे आहात ती फरशीसुद्धा. फ्री लाइव्हज् या दक्षिण आफ्रिकेतल्या स्टुडिओने २०१२ च्या लुडम डेअर या गेम-जॅममध्ये (थोडक्या वेळात गेम बनवण्याच्या स्पर्धेत) 'रॅम्ब्रोज' या नावाने याचं मूळ रूप केलं, आणि पूर्ण खेळ ऑक्टोबर २०१५ मध्ये आला. फुटणारी जमीन हाच या खेळाचा कणा आहे. तिच्याकडे नुसती सजावट म्हणून बघाल तर खेळ अवघडच वाटत राहील.

म्हणून नवा भाग स्क्रीनवर आला की क्षणभर थांबा. तीन गोष्टी शोधा: लाल पिंपं आणि गॅसचे सिलिंडर कुठे आहेत, कैद्याचा पिंजरा कुठे आहे, आणि शिपाई कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहेत. शिपायांना चाहूल लागली नसेल तर ते सुस्त असतात. डोक्यावर चिन्ह उमटलं की समजा, शंका आली. पाहिल्यावरही ते गोळी झाडायला जरा वेळ घेतात, आणि सगळी मारामारी त्या सवडीतच उरकायची असते.

पिंप आणि सिलिंडर यांत फरक करायला शिका. पिंप जागच्या जागी फुटतं. सिलिंडरला गोळी लागली की तो आधी रॉकेटसारखा सुटतो आणि मग फुटतो, त्यामुळे तो तुमच्या डोक्यावर येऊनही पडू शकतो. सिलिंडर फोडायचा असेल तर गोळी झाडून लगेच मागे सरका, शक्यतो जाड भिंतीआड. पिंपांची रांग असेल तर सर्वांत लांबचं फोडा आणि स्फोटांची साखळी तुमच्याकडे येण्याआधी तिथून हला. गोळी झाडली त्याच जागी थांबून गंमत बघणं, ही या खेळातली सर्वांत महागडी सवय.

आता एक नेहमीची रचना घ्या. तीन मजली बंकर, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन शिपाई, तळाशी पिंपं, मधल्या मजल्यावर पिंजरा. दारातून शिराल तर तिन्ही मजल्यांवरून गोळ्या येतील. त्याऐवजी बाहेरच्या भिंतीला चिकटून वर चढा; सगळे ब्रो भिंतीला धरून चढू शकतात आणि तिथूनच उडी मारू शकतात. छपरावर पोचलात की छपराला भोक पाडा. भोकातून आधी खाली डोकवा, वरचा मजला साफ करा, मग बाजूने मधल्या मजल्यावर उतरून पिंजरा उघडा. तळाची पिंपं शेवटी फोडायची, आणि तीही बाहेर पडल्यावर. उलट्या क्रमाने गेलात तर पायाखालचा मजलाच उडतो. वरचे दगड आणि खोकी घसरून डोक्यात पडतात ते वेगळंच.

पिंजरा शक्यतो सोडू नये. एक कैदी म्हणजे एक जादा लाइफ, शिवाय सोडवलेल्या कैद्यांची संख्या वाढली की नवे ब्रो खुले होतात. पण कैदी सुटताच तुमचा ब्रो बदलतो, आणि कोणता मिळेल ते तुमच्या हातात नसतं. नवा ब्रो स्वतःचे स्पेशल (मोजकेच मिळणारे खास हल्ले) भरून घेऊन येतो. म्हणजे आधीच्या ब्रोचे उरलेले स्पेशल वाया जातात. तेव्हा पिंजऱ्याला हात लावण्याआधी ते जवळच्या गर्दीवर रिकामे करा. दारूगोळ्याची पेटी दिसली तर उलट हिशोब: स्पेशल संपल्यावरच ती उचला.

ब्रो बदलला की चालही बदला. जुन्याच्या सवयीने नव्याला खेळवलं की घात होतो. रॅम्ब्रो सरळमार्गी आहे, रायफल आणि हातबॉम्ब. ब्रोमॅन्डोचं साधं शस्त्रच रॉकेट, त्यामुळे खणायला उत्तम, पण अरुंद बोगद्यात तो स्वतःचाच रस्ता उद्ध्वस्त करतो. ब्रोमिनेटरची मिनीगन त्यालाच मागे ढकलते. पाठीमागे दरी असेल तर ट्रिगर दाबून धरू नका. मॅकब्रोव्हर डायनामाइट फेकतो, ते फुटायला वेळ लागतो, म्हणून शत्रू जिथे आहे तिथे नाही तर जिथे येणार आहे तिथे टाका. ब्रेडसारखे तलवारवाले जवळूनच मारतात. त्यांना मोकळ्या मैदानातून नेऊ नका, भिंतीआडून आणि वरून उतरवा.

शत्रूंपैकी अंगावर स्फोटकं बांधून धावत येणारा सर्वांत घातक, आणि नीट वापरला तर सर्वांत कामाचा. त्याला लांबून, त्याच्याच सोबत्यांच्या घोळक्यात असताना गोळी घाला. जवळ येऊ दिलात तर मारूनही उपयोग नाही. ढालवाल्यावर समोरून गोळ्या वाया जातात. वरून उतरा, मागून मारा किंवा त्याच्या पायाखालची जमीन काढा. आडदांड शिपायाला साध्या गोळ्या फार लागतात, त्याच्यासाठी स्पेशल राखा. कुत्रे दिसले की उंचावर चढा.

मोठ्या बॉसशी, म्हणजे लेव्हलमधल्या बलाढ्य शत्रूशी, लढताना बॉसपेक्षा जमिनीवर जास्त लक्ष ठेवा. रणगाडा असो वा हेलिकॉप्टर, त्याचा मारा तुमच्याखालची जमीन खात जातो आणि शेवटी उभं राहायला जागाच उरत नाही. शाबूत राहिलेल्या कडेवर सरकत राहा, भिंतीला लटकता येतं हे विसरू नका, आणि स्वतःचे बॉम्ब जवळ टाकून उरलेली जमीन संपवू नका. बऱ्याच लेव्हलच्या शेवटी भेटणारा सूटबूट घातलेला सैतान मात्र लगेच मरतो. तो मेल्यावर परिसर फुटायला लागतो, तेव्हा रेंगाळू नका. हेलिकॉप्टरची शिडी पकडली की लेव्हल संपली.

चौघांनी मिळून खेळताना स्क्रीन एकच असते. पुढे पळणारा एक जण बाकीच्यांना स्क्रीनबाहेर टाकून मारतो. पुढे कोण जाणार हे आधी ठरवा, आणि पिंपं फोडण्याआधी ओरडून सांगा. कोणी मेला असेल तर पिंजरा उघडणं हेच पहिलं काम, कारण कैदी सुटला की तो परत येतो. आयर्नब्रो मोड एवढ्यात उघडू नका. तिथे प्रत्येक ब्रोला एकच लाइफ असते; साध्या मोडमध्ये पिंपांमुळे मरणं थांबलं की मगच तिकडे वळा.